जाम मायक्रोमीटर भंगार नव्हे

‘मायक्रोमीटर जाम झाला? टाकून दे, नवा घे.’ हा सल्ला देवासच्या औद्योगिक वसाहतीत ऐकू येतो, धार जिल्ह्यातल्या पीथमपूरच्या टूलरूममध्ये ऐकू येतो, आणि आता देवास जिल्ह्यातल्याच उदयनगरसारख्या लहान बाजारगावाच्या वर्कशॉपपर्यंतही तो पोचला आहे. त्यामागे एक रीतसर युक्तिवाद आहे. मोजण्याचं हत्यार एकदा अडलं की त्याच्यावरचा भरवसा संपला. ते उघडणं कंपनीचं काम, आपलं नव्हे. दुरुस्तीत जाणारा वेळ नव्या हत्याराच्या किमतीपेक्षा महाग पडतो. शिवाय डिजिटल कॅलिपर स्वस्त झाला आहे, पडद्यावर मिलिमीटरचा शतांश दाखवतो, मग जुन्या स्क्रूच्या मागे लागायचं कशाला?

हा युक्तिवाद शहाणपणाचा वाटतो, म्हणूनच तो घातक आहे. त्यातलं एकेक विधान तपासलं तर ते टिकत नाही. सर्वांत जास्त नुकसान शेवटच्या विधानानं होतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

उदयनगरच्या वर्कशॉपात येणारं काम कोणतं? रब्बीत पंपाची मोटर जळते, बेअरिंग जातं, ट्रॅक्टरचं इंजिन उघडावं लागतं. लहान मोटरमध्ये ६२०४ क्रमांकाचं बेअरिंग असतं, त्याचं भोक २० मिलिमीटरचं. शाफ्टवर ते घट्ट बसायला हवं, म्हणून शाफ्टचा तेवढा भाग भोकापेक्षा किंचित जाड ठेवतात. नेहमीचा के-६ फिट (शाफ्टच्या जाडीची ठरलेली मर्यादा) धरला तर तो २०.००२ ते २०.०१५ मिलिमीटरमध्ये यायला हवा. सगळी मोकळीक १३ मायक्रॉनची. आता चांगल्या कंपनीच्या डिजिटल कॅलिपरलासुद्धा ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन, इकडेतिकडे चुकण्याची मुभा असते. स्वस्तातल्या कॅलिपरला त्याहून जास्त. पडद्यावर २०.०१ उमटतं, मेस्त्री समाधानानं बेअरिंग ठोकतो, आणि शाफ्ट प्रत्यक्षात १९.९९ असतो. मग बेअरिंगची आतली कडी शाफ्टवर सरकू लागते, शाफ्ट खात जाते, तापते, आणि ऐन गव्हाच्या पाण्याच्या वेळी मोटर पुन्हा वर्कशॉपात येते. शेतकऱ्याला वाटतं बेअरिंग नकली निघालं. बेअरिंग चांगलं असतं, माप खोटं असतं.

पडद्यावरचे आकडे बारीक असले म्हणजे माप बारीक होत नाही. याचं कारण १८९० मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यानं सांगून ठेवलं आहे: मोजपट्टी आणि मोजायची वस्तू एकाच रेषेत असायला हव्यात. कॅलिपरमध्ये पट्टी एका बाजूला आणि वस्तू जबड्यांत, तिच्यापासून लांब असते. सरकता जबडा किंचित कलला की चूक आत शिरते, आणि बोट जरा जास्त दाबलं तरी तो कलतो. मायक्रोमीटरमध्ये स्पिंडल (आतबाहेर सरकणारा दांडा), त्याचे आटे आणि मधली वस्तू एकाच रेषेत असतात. झां लोरां पामर या पॅरिसच्या कारागिरानं १८४८ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना ब्राउन आणि शार्प या अमेरिकन जोडीनं १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात पाहिली आणि ती जगभरच्या कारखान्यांत गेली. अर्ध्या मिलिमीटरच्या आट्याचा स्क्रू, बाहेरच्या फिरत्या नळीवर, म्हणजे थिंबलवर, पन्नास भाग, म्हणजे एक भाग ०.०१ मिलिमीटरचा. ० ते २५ मिलिमीटरच्या साध्या मायक्रोमीटरला चार मायक्रॉनच्या आसपासची चूक माफ असते. वीस कुठे आणि चार कुठे! जाम मायक्रोमीटर टाकून कॅलिपरवर काम भागवणारा मेस्त्री पाचपट ढोबळ माप हाती घेतो, आणि पडद्यामुळे त्याला ते कळतही नाही.

‘ठीक आहे, मग नवा मायक्रोमीटर घ्या,’ असं यावर म्हणतात. जरूर घ्या. पण जुना जाम का झाला होता, हे कोणी पाहिलं का? दहांतल्या नऊ हत्यारांची गोष्ट एकच असते. काम झाल्यावर दोन्ही मोजतोंडं एकमेकांना चिकटवून, वर लॉक कसून, कूलंटचा हात न पुसता, ते ड्रॉवरमध्ये फाइली आणि ड्रिलच्या शेजारी टाकलेलं असतं. पाऊस लागला की तोंडांच्या फटीत ओल धरते. शाणेची बारीक भुकटी आणि वाळलेलं तेल आट्यांत मिसळून घट्ट राळ होते. त्याच ड्रॉवरमध्ये ठेवलेला नवा मायक्रोमीटरही एक-दोन पावसाळ्यांत तसाच जाम होईल. हत्यार बदललं, सवय बदलली नाही, तर पैसे वाया गेले. जाम हत्यार उघडून त्याच्या आट्यांतून काय निघतं हे डोळ्यांनी पाहणारा मेस्त्री मात्र पुढचं हत्यार तसं ठेवत नाही. दुरुस्तीतून मिळणारी ही समज कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही, आणि माझ्या दृष्टीनं दुरुस्तीचा हाच सर्वांत मोठा फायदा आहे.

‘ते कंपनीनंच उघडावं’ हा दुसरा आक्षेप. मायक्रोमीटरच्या डबीत एक छोटा वाकडा पाना असतो. तो कशासाठी दिलेला असतो? खुणांची स्थिर नळी, म्हणजे स्लीव्ह, किंचित फिरवून शून्य जुळवण्यासाठी आणि आट्यांवरचा नट कसून झीज भरून काढण्यासाठी. तो नट मुद्दाम चिरलेला आणि उतरता केलेला असतो, म्हणजे आटे झिजले की तो आवळता यावा. बनवणाऱ्यानंच हे हत्यार वापरणाऱ्याच्या हातांनी उघडलं जाईल असं धरून घडवलं आहे. स्पिंडल बाहेर काढणं म्हणजे थिंबल उलटं फिरवत नेणं, एवढंच. त्यात रहस्य नाही, शिस्त आहे.

आणि बनवणारा हाकेच्या अंतरावर नसेल तर? १८०८ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर, भारताचं सर्वेक्षण करणाऱ्या विल्यम लँब्टनचा कोन मोजायचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट दोरांनी चढवला जात होता. दोर तुटला, यंत्र मंदिराच्या दगडावर आदळलं, आणि त्याचं ३६ इंच व्यासाचं आडवं वर्तुळ वाकलं. अंशांच्या खुणा कोरलेलं, ज्याच्यावर सगळं मोजमाप उभं होतं, तेच वर्तुळ. यंत्र घडवणारा विल्यम कॅरी लंडनला, आणि जहाजाचा प्रवास कित्येक महिन्यांचा. लँब्टन यंत्र घेऊन त्रिचनापल्लीला गेला, तंबूत स्वतःला कोंडून घेतलं, भाग न् भाग सुटा केला, सपाट फळीवर मूळ मापाचं वर्तुळ आखलं, आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या लावून वाकलेली कडा थोडी थोडी करून त्या रेषेवर आणली. सुमारे सहा आठवडे हे काम चाललं. त्याच यंत्राच्या बळावर पुढे भारताचा महाकंस, म्हणजे दक्षिणोत्तर मोजणीची साखळी, उत्तरेकडे सरकत गेला. मराठी मुलखाशी लँब्टनचं नातं कायमचं आहे: २० जानेवारी १८२३ रोजी सर्वेक्षणाच्या वाटेवरच वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला, आणि त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या मागून जॉर्ज एव्हरेस्टनं काम विदिशा जिल्ह्यातल्या सिरोंजपर्यंत नेलं आणि १८२४-२५ मध्ये तिथे पायारेषा, म्हणजे पुढच्या त्रिकोणांचं मूळ अंतर, मोजली.

कोणी म्हणेल, पुढे एव्हरेस्टनं ते यंत्र हेन्री बॅरो या कारागिराकडून नव्यानं बांधून घेतलं, म्हणजे लँब्टनची दुरुस्ती अपुरी होती. असेल. पण बॅरोनं ते काम भारतातच केलं, आणि त्याच्यानंतर सर्वेक्षणाच्या उपकरण-कारागिराची जागा अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्याकडे आली. लंडनच्या मूळ कारखान्याबाहेर, इथल्या तंबूंत आणि इथल्या हातांनी हे यंत्र पुन्हा पुन्हा उभं राहिलं. मूळ कंपनीशिवाय कोणी हात लावू नये हा नियम लँब्टननं पाळला असता तर महाकंस तंजावरलाच थांबला असता. ६२०४ बेअरिंगच्या शाफ्टसाठी उदयनगरच्या मेस्त्रीनं तो नियम का पाळावा?

इथपर्यंत वाचून काही जण खूश होतील आणि पक्कड उचलतील. त्यांनाही माझा तितकाच ठाम विरोध आहे. जाम मायक्रोमीटर शिकंज्यात धरून, थिंबलला पक्कड लावून, जोर करून फिरवायचा, ‘सुटला की झालं’ म्हणायचं, ही दुरुस्ती नव्हे. गंज हा लोखंडाचा ऑक्साइड. सोनार दागिना झळकवण्यासाठी वापरतात ती लाल भुकटीही लोखंडाचाच ऑक्साइड असते. गंजलेले आटे जोरानं फिरवणं म्हणजे ती भुकटी आट्यांच्या दोन पृष्ठांमध्ये घालून त्यांना घासणं. शिवाय ती झीज सगळीकडे सारखी होत नाही. जिथे गंज होता तिथेच जास्त होते. पुढे शून्य बरोबर येतं, २५ ला बरोबर येतं, आणि १२ मिलिमीटरच्या आसपास माप खोटं पडतं. अशी चूक शोधायला महिने लागतात.

बरोबर रीत संथ आहे. आधी लॉक सैल आहे का ते पाहा. कित्येक मायक्रोमीटर नुसत्या कसलेल्या लॉकनं अडलेले असतात, आणि लॉकवर जोर झाला की त्याची कडी स्पिंडलवर ओरखडा पाडते. अडणं कसं आहे ते बोटांना विचारा. संपूर्ण घट्ट असेल तर राळ किंवा गंज. फिरतो, पण फेऱ्यात एकाच जागी अडतो, तर स्पिंडल वाकल्याचा संशय घ्या. खरखरतो, तर आत भुकटी आहे. मग रॉकेलमध्ये किंवा गंज सोडवणाऱ्या पातळ तेलात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी बोटांनी, फक्त बोटांनी, उघडण्याच्या दिशेनं जरा, परत जरा, असं हलवा. टोकाची घुंडी, म्हणजे रॅचेट, धरून उलटं फिरवू नका, रॅचेटच सुटून हातात येईल. हललं नाही तर आणखी एक रात्र. थिंबलला केस वाळवायच्या यंत्राची ऊब द्यायला हरकत नाही, पण ज्योत कधीच नको: कडक केलेलं पोलाद जास्त तापलं की त्याचा कडकपणा उतरतो, आणि मोजतोंडं मऊ झालेला मायक्रोमीटर कायमचा गेला. स्पिंडल बाहेर आला की पेट्रोल आणि दाताचा ब्रश घ्या, तारेचा ब्रश नको. आट्यांच्या खाचेतून सुती दोरा फिरवा. पांढऱ्या फडक्यावर काळं-तांबडं उमटायचं थांबेपर्यंत हे करत राहा. नंतर हलक्या मशीन ऑइलचा एक थेंब. गंज सोडवणारं तेल आत तसंच ठेवलं तर ते उडून जातं आणि मागे नवी राळ सोडतं. ‘दुरुस्त केलेले’ मायक्रोमीटर चार महिन्यांत पुन्हा जाम होतात ते यामुळेच.

मोजतोंडांना एमरी पेपर लावणारा माणूस माझ्या लेखी हत्याराचा मारेकरी आहे. ती तोंडं एका मायक्रॉनच्या आत सपाट असतात. ऑप्टिकल फ्लॅट, म्हणजे अगदी सपाट काच, ठेवून त्यांच्यावर प्रकाशाचे पट्टे पाहतात, आणि एकेक पट्टा सुमारे ०.३ मायक्रॉनचा फरक सांगतो. त्या पृष्ठावर हातानं कागद घासला की कडा गोल होतात आणि मध्य उंच राहतो. तोंडं पुसायची असतील तर त्यांच्यामध्ये स्वच्छ कोरा कागद हलकेच धरावा आणि ओढून काढावा. व्हिनेगर, लिंबूसत्व यांनी गंज जातो हे खरं, पण आम्ल गंजापाशी थांबत नाही. आटे आणि तोंडं त्यात बुडवू नयेत.

हल्ली जुन्या हत्यारांना ‘नवं रूप’ देण्याची हौस वाढली आहे. फ्रेम रंगवतात, थिंबल बफवर धरून आरशासारखं करतात. त्यात बारीक खुणा पुसट होतात, आणि मॅट क्रोमचा तो थर, जो उजेडात डोळे दिपू नयेत म्हणून मुद्दाम दिलेला असतो, निघून जातो. हत्यार कपाटात शोभतं, वाचायला मात्र आधीपेक्षा वाईट होतं. खऱ्या जीर्णोद्धाराचं उदाहरण लांब नाही: देवासहून उज्जैन जवळ आहे. जयपूरच्या सवाई जयसिंगाची वेधशाळा तिथे आहे. पितळी यंत्रांचे आस झिजतात आणि माप ढळतं, ही जयसिंगाची तक्रार होती, म्हणून त्यानं दगड-चुन्याची प्रचंड यंत्रं उभारली. पुढे तीही पडझडीला आली. १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी त्यांचा जीर्णोद्धार केला, त्यामागे पं. नारायणजी व्यास आणि वेधशाळेचे पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे यांचा आग्रह होता. आपटे स्वतः गणिती, ‘सर्वानंदकरण’ या ग्रंथाचे कर्ते. त्यांना दर्शनी वास्तू नको होती, वेध घेता येतील अशी यंत्रं हवी होती. मोजमापाच्या साधनाचा जीर्णोद्धार म्हणजे काय, हे याहून नेमकं मला दुसरीकडे दिसलेलं नाही: ते साधन पुन्हा मोजू लागलं पाहिजे. बाकी रंगरंगोटी.

आता भरवशाचा प्रश्न, आणि या युक्तिवादातला तेवढाच भाग मला मान्य आहे. सुटलेला मायक्रोमीटर हा बरोबर मायक्रोमीटर असेलच असं नाही. पण मग नवाही बरोबरच असेल हे कशावरून? डबीवरच्या छापील कागदावरून? दोघांनाही परीक्षा एकच. आधी शून्य; तोंडं पुसून दहा वेळा मिटवा, दहाही वेळा शून्य तिथेच यायला हवं. मग स्लिप गेज, म्हणजे नेमक्या मापाचे ठोकळे. ५ आणि १० अशी गोल मापं घेऊन भागत नाही, कारण अर्ध्या मिलिमीटरच्या आट्यात ती दर वेळी थिंबलच्या त्याच जागी येतात आणि फेऱ्याच्या मधली चूक लपते. म्हणून २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५, १७.६, २०.२, २२.८, २५ अशी माळ वापरतात. तिच्यात थिंबल निरनिराळ्या कोनांत थांबतं. उदयनगरात स्लिप गेज नसतील. पण जुन्या चांगल्या बेअरिंगची एक गोळी असते, आणि गोळीचा गोलपणा मायक्रॉनच्या अंशापर्यंत खरा असतो. ती तोंडांच्या मध्यावर धरा, मग चारही बाजूंना कडेपाशी. वाचन बदललं तर तोंडं समांतर नाहीत किंवा झिजली आहेत. ही परीक्षा फुकट आहे आणि कोणालाही करता येते. त्यात उतरलेला मायक्रोमीटर कोणी इंदूरला जाईल तेव्हा सोबत पाठवून स्लिप गेजवर तपासून घ्यावा. दहा आकडे कागदावर लिहून डबीत ठेवावेत. ‘१५ ला तीन मायक्रॉन जास्त दाखवतो’ हे ठाऊक असलेला जुना मायक्रोमीटर, न तपासलेल्या नव्यापेक्षा मला केव्हाही जवळचा.

पीथमपूरच्या मोठ्या कारखान्यांची गोष्ट वेगळी आहे हे मला कळतं. तिथे एका मापावर हजारो भाग पास होतात. संशयित हत्यार त्याच क्षणी वापरातून काढलंच पाहिजे. पण वापरातून काढणं आणि भंगारात टाकणं यांत फरक आहे, आणि तो फरक पुसला गेल्यामुळेच दुरुस्त होण्याजोगी हत्यारं वजनावर विकली जातात.

वेळेचा हिशेबही तपासावा. दोन रात्री रॉकेलमध्ये बुडवण्यात मेस्त्रीचा वेळ जात नाही, रॉकेलचा जातो. साफसफाई आणि जुळवणी अर्ध्या दिवसाची. तेवढ्यात शिकाऊ मुलाला स्क्रू, झीज, शून्य, समांतरता हे सगळं हातानं कळतं. मायक्रोमीटर कधीच न उघडलेला मुलगा आकडा वाचायला शिकतो. तो आकडा कुठून येतो हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून लेथवरून गरम उतरलेला शाफ्ट तो लगेच मोजतो. वीस मिलिमीटरचं पोलाद तीस अंशांनी जास्त तापलेलं असेल तर सात मायक्रॉन जाड लागतं, म्हणजे बेअरिंगच्या १३ मायक्रॉनच्या मोकळिकेपैकी निम्म्याहून जास्त तिथेच संपतं. ही चूक कितीही महाग नवं हत्यार घेतलं तरी जात नाही. प्रत्येक आयटीआयमध्ये फिटर आणि टर्नरच्या मुलांना एकेक जाम मायक्रोमीटर द्यावा आणि तो चालू करून, दहा मापांच्या तक्त्यासह परत मागावा, ही माझी मागणी आहे. त्याला लागतं ते रॉकेल, ब्रश आणि संयम.

आणि जे खरोखर गेलेलं आहे ते गेलेलं आहे. आट्यांत गंजाचे खड्डे पडले असतील, पडून फ्रेम वाकली असेल, गोळीच्या परीक्षेत तोंडं नापास झाली आणि ती लॅप करून (घासून सपाट करून) घेण्याची सोय नसेल, तर तो मायक्रोमीटर ठेवू नये. तिथे मी ‘टाकून दे’ म्हणणाऱ्यांच्याच बाजूनं आहे. फक्त टाकणंही नीट करावं. आज नापास हत्यार सबंधच्या सबंध भंगारात जातं, भंगारवाला ते पुसून पुढे विकतो, आणि तेच खोटं माप दुसऱ्या गावच्या वर्कशॉपात शाफ्ट मोजू लागतं. भंगारात द्यायच्या आधी त्याची फ्रेम शाणेवर धरून मधोमध कापावी. तिचं पोलाद तसंही वजनावरच जाणार आहे.